गाडीच्या दारातली रेघ

१

गाडी उन्हात धुवायची नाही. पत्रा तापलेला असला की साबणाचं पाणी जागच्या जागी वाळतं, डाग धरतं, आणि मग तो डाग काढण्याच्या नादात माणूस रंगाची साल काढतो. फोरमननं हे गल्लीतल्या इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की हल्ली कुणी बादली घेऊन बाहेर आलं आणि समोर फोरमन दिसला, तर ते माणूस आधी आभाळाकडे बघायचं आणि निमूट बादली आत न्यायचं.

मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात, तीस वर्षं गेली त्याची. त्यातली शेवटची बारा तपासणीवर. रंगून आलेली गाडी ट्यूबलाइटांच्या रांगेखाली उभी करायची आणि पत्र्यात पडलेल्या उजेडाच्या रेघा बघायच्या. रेघ सरळ तर पत्रा सरळ. रेघ थरथरली, वाकली, जाड झाली, की तिथे खड्डा, नाहीतर फुगवटा, नाहीतर रंगाचा ओघळ. डोळ्याला चूक दिसत नाही, पण रेघ चहाडी करते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत. बायकोसुद्धा, चिडली की.

घर दुमजली. खाली नवराबायको, वर धाकटा भाऊ. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याचा संसार टिकला नव्हता, दुकान टिकलं होतं. तिघांत मिळून गाडी एक, गडद निळी, सावलीत काळीच वाटावी अशी. आठवडाभर धाकटा ती दुकानाला न्यायचा. गुरुवारी दुकान बंद, त्या दिवशी बायको ती घेऊन नदीपलीकडे तिच्या म्हाताऱ्या मावशीकडे जायची. फोरमन स्वतः फारशी चालवत नसे. त्याचा वार शनिवार, आणि त्याचं काम धुणं; त्या दिवशी धाकटा दुकान दुपारी उघडायचा.

शनिवारी नाश्ता झाला की तो गॅरेजचं मोठं दार अर्धं ओढून घ्यायचा. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धूळ सुटी होईपर्यंत. मग दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक साध्या पाण्याची. साध्या पाण्याच्या तळाशी जाळी, म्हणजे खडे खाली बसतात, पुन्हा फडक्यावर चढत नाहीत. भांड्यांचा साबण गाडीच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही, तो मळाबरोबर मेणही खातो. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारं, शेवटी चाकं. चाकांचं फडकं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं की मेलं, झटकून परत घ्यायचं नाही. आणि हात सरळ रेघेत चालवायचा. हात गोल गोल फिरवणारा माणूस कणीक मळायला बरा, असं त्याचं मत होतं.

"माझ्या तोंडावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नाहीत," बायको म्हणायची.

"तुझ्या रंगाला काही होत नाही. हिचा रंग नाजूक आहे," तो म्हणायचा.

गॅरेज घराच्या पोटातच होतं. गाडीच्या चालकाच्या बाजूला, भिंतीलगत, एक बोळ उरायचा, माणूस सरळ चालत जाईल एवढा. त्याच्या टोकाला स्वयंपाकघरात उघडणारं दार. त्या भिंतीवर फोरमननं हौसेनं, स्वतःच्या हातानं, चार फुटी ट्यूबलाइट आडवी बसवली होती, कारखान्यातल्यासारखी. बोळाच्या कडेला उकिडवं बसलं की दोन्ही दारांच्या पत्र्यात तिची पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसे. गाडी पुसून झाली की तो तसा बसायचा. चहा पीत दहा मिनिटं नुसती रेघ बघायची. निवृत्त माणसाचं हे सुख कुणाला सांगून कळणारं नव्हतं.

२

त्या शनिवारी रेघ तुटलेली दिसली.

मागच्या दारात, हँडलच्या थोडी पुढे, वीतभर. फोरमननं कप खाली ठेवला. आपलंच डोकं आड येतंय का म्हणून तो डावीकडे सरकला, मग उजवीकडे. रेघेतली फट हलली नाही.

त्यानं पंजा फिरवला. पत्रा सरळ. कारखान्यातली जुनी युक्ती म्हणून पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पुन्हा फिरवला, तशानं बोटांना केसाएवढी चूकही कळते. पत्रा सायीसारखा. घरातून लोहचुंबक आणलं, कापडात गुंडाळून दारावर टेकवत टेकवत नेलं. खड्डा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून वर रंग मारला असता तर चुंबक तिथे सुटलं असतं. सुटलं नाही.

खड्ड्याला एक स्वभाव असतो. खड्ड्यात रेघ वाकते, फुगते, दोन्ही बाजूंनी आत ओढल्यासारखी होते. इथे तसं काहीच नव्हतं. रेघ येत होती, थांबत होती, वीतभर अंतरानं पुन्हा सुरू होत होती.

"चहा गार झाला असेल," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"गाडी कुणी ठोकली का गं?"

"मला काय विचारता? तीन आठवडे झाले, मी गाडीला हात लावलेला नाही. गुडघे धरलेत. मावशी रोज फोनवरून शिव्या घालते."

ते खरं होतं. गेल्या तीन गुरुवारी ती घरीच होती.

"मग धाकट्यानं?"

तिनं दाराची कडी चाचपली. "भावोजींना विचारा. मी कशाला मध्ये पडू? मध्ये एक दिवस फार उशिरा आले होते एवढं आठवतं. आले ते सरळ बागेतल्या नळावर गेले, हात धूत बसले. मी काही विचारलं नाही."

फोरमनच्या मनात पहिला खडा पडला तो तिथे. त्याच्या बादलीला जाळी होती, मनाला नव्हती.

३

सोमवारी तो डोळे तपासायच्या निमित्तानं दुकानात गेला. धाकट्यानं त्याला उंच स्टुलावर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि काचांवर काचा बदलल्या.

"हे स्पष्ट, की हे?"

"दोन्ही सारखंच."

"दादा, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. काय होतंय तुला?"

"गाडीला काहीतरी झालंय," फोरमन म्हणाला. तेवढंच म्हणाला. भावाचा चेहरा यंत्राच्या पलीकडे होता.

"मागच्या दाराला?" धाकट्यानं विचारलं.

फोरमननं हनुवटी उचलली नाही. खोलीत अंधार होता, समोर भिंतीवर उजेडाच्या चौकोनात अक्षरांच्या ओळी होत्या. वरची मोठी, खालची बारीक होत गेलेली. त्यानं खालची ओळ मनात वाचून काढली, मग पुन्हा एकदा वाचली.

"दार मी म्हटलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"अरे, अंदाजानं म्हटलं. पार्किंगमध्ये दारंच लागतात ना एकमेकांना." धाकटा काचा पेटीत ठेवत होता. त्या काचा तो आयुष्यभर हाताळत आलेला, डोळे मिटूनही लावल्या असत्या. त्यातली एक त्याच्या हातून निसटली आणि टेबलावर घरंगळत गेली.

निघताना धाकट्यानं विचारलं, "तू हल्ली नेली होतीस का कुठे गाडी?"

"मी? मी कशाला नेतोय?"

"सहज विचारलं."

घरी जाताना फोरमन दोन थांबे पुढे उतरला. आपला भाऊ आपल्याला काय विचारत होता हे त्याला उमगत नव्हतं, पण ते 'सहज' त्याच्या डोक्यातून जाईना.

४

पुढच्या शनिवारी फट मागच्या दारात नव्हती.

फोरमनला हायसं वाटलं, ते अर्धा मिनिट टिकलं. फट पुढच्या दारात होती. तेवढीच रुंद, तेवढीच स्वच्छ कापलेली.

खड्डा चालत नाही. तीस वर्षांत त्यानं हजारो खड्डे पाहिले, त्यातला एकही एका दारातून दुसऱ्या दारात गेला नव्हता. तेव्हा दोष दाराचा नाही. मग ट्यूबलाइटचा. हे सुचल्याचं त्याला इतकं समाधान झालं की तो मोठ्यानं हसला. त्यानं वर पाहिलं. ट्यूबलाइट टोकापासून टोकापर्यंत एकसंध पेटलेली होती. तरी त्यानं ती बदलली, नवी आणून लावली. मग पुन्हा उकिडवा बसला.

वर दिवा अख्खा, पत्र्यात रेघ तुटलेली.

त्यानं चिकटपट्टीचे दोन तुकडे फाडले आणि फटीच्या दोन्ही कडांवर दारावर लावले. रंगावर चिकटपट्टी लावायचं पाप त्यानं जन्मात केलं नव्हतं. मग तो आत गेला, हात धुतले, वर्तमानपत्राचं एक पान वाचलं, त्यातलं काहीही लक्षात राहिलं नाही, आणि परत आला.

चिकटपट्ट्या जागेवर होत्या. फट त्यांच्या पुढे सरकली होती, हातभर, स्वयंपाकघराच्या दाराच्या बाजूला. तो जिकडून आत गेला होता तिकडे.

फोरमननं स्वतःला समजावलं. उजेड बदलला असेल. बाहेरचं ऊन सरकलं की प्रतिबिंब सरकतं. बसायची जागा चार बोटं इकडेतिकडे झाली असेल. एकेक कारण तो काढत गेला आणि प्रत्येकाला मान डोलावत गेला. पण चिकटपट्ट्या काढताना त्याच्या लक्षात आलं की आपण भिंतीकडे पाठ करायचं टाळतोय, गाडीला खेटून एका अंगावर वळून काम करतोय. हे कधीपासून करतोय, ते मात्र त्याला आठवेना.

५

मग तो भावावर पाळत ठेवू लागला. याची त्याला लाज वाटत होती, आणि तरी तो ठेवत होता.

स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. मंगळवारी सकाळी तिच्याआडून त्यानं पाहिलं. धाकटा गॅरेजमध्ये आला, हातात डबा, खांद्याला पिशवी. चालकाचं दार बोळात होतं. बोळ मोकळा होता. धाकटा तिकडे गेलाच नाही. तो पलीकडून फिरून गेला, शेजारच्या सीटचं दार उघडलं, आणि पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस गियरच्या दांड्यावरून कसाबसा सरपटत चालकाच्या जागी जाऊन बसला. डबा आपटला. त्यानं बोळाच्या बाजूची काच पूर्ण वर आहे ना, हे हातानं दाबून पाहिलं. मग गाडी मागे घेतली. गाडी बाहेर पडेपर्यंत त्यानं मान डावीकडेच ठेवली होती. उजव्या आरशात त्यानं एकदाही पाहिलं नाही.

एरवी फोरमन पोट धरून हसला असता.

बुधवारी तो बाजारातून लवकर परतला तर स्वयंपाकघरात बायको आणि धाकटा बोलत होते. फोरमन आत आला आणि बोलणं थांबलं.

"काय चाललंय?"

"काही नाही, दादा. वहिनींच्या चष्म्याचा नंबर."

बायकोच्या हातात चष्मा नव्हता, आणि ती मान खाली घालून टेबलावरचा स्वच्छ भाग पुसत होती.

त्या दिवशी जेवताना तिनं आपण होऊन विषय काढला. "भावोजी माझ्याकडे चौकशी करत होते. तुम्हाला काय काय कळलंय, म्हणून."

"कशाबद्दल?"

"ते मला काय माहीत? तुम्ही भाऊ भाऊ बघा."

फोरमननं हातातला घास ताटात परत ठेवला. बसल्या जागी त्यानं हिशोब लावला. फट कंबरेच्या उंचीवर. उशिरा आलेली गाडी. नळावर धुतलेले हात. न विचारता ओठावर आलेलं मागचं दार. बोळात पाऊल न टाकणारा माणूस. पत्र्यावर खूण नव्हती हे खरं, पण पत्र्यावर खूण नाही म्हणून काही घडलंच नाही असं थोडंच असतं? तपासणीवर तो नेहमी म्हणायचा, चूक सापडत नाही याचा अर्थ चूक करणारा हुशार आहे.

६

रविवारी दुपारी तिघं एकत्र जेवत. त्या रविवारी भात वाढून झाला आणि फोरमननं विचारलं, "कुणाला उडवलंस?"

धाकट्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि फोरमनला रंगाचं कळत होतं.

"काय म्हणालास?"

"गाडीखाली कोण आलं? मेलं का जगलं? एवढंच सांग. मी तुझा थोरला भाऊ आहे, मी तुला चव्हाट्यावर नेणार नाही. पण मला माहीत हवं. दर शनिवारी ते मी धुतोय."

"तू मला विचारतोयस?" धाकटा उठला. खुर्ची मागे पडली. "दादा, तू मला विचारतोयस?"

"मग कुणाला विचारू?"

धाकट्यानं वहिनीकडे पाहिलं. ती काही बोलेल अशी त्याची अपेक्षा असावी. तिनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताटं गोळा करू लागली. अजून कुणाचंच जेवण झालं नव्हतं.

"इतकी वर्षं एका घरात राहिलो," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "तू शाळेत माझ्यासाठी मार खाल्लास. आणि आता हे." तो जिना चढून गेला. वर दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा बसनं जाऊ लागला. सकाळी बाहेरच्या जिन्यानं उतरायचा, बाहेरच्या जिन्यानं चढायचा. वरून त्याच्या पावलांचा आवाज येई, त्या खोलीतून या खोलीत. फोरमनला वाटे, वर जावं, पाठीवर हात ठेवावा, म्हणावं, सोड, माझं चुकलं. मग त्याला ते मागचं दार आठवे, आणि तो पायरीवरून परत फिरे.

गाडी आठवडाभर जागची हलली नाही. गॅरेज बंद होतं. शनिवारी त्यानं मोठं दार अर्धं उघडलं तेव्हा टपावर, बॉनेटवर, डिकीवर धुळीचा पातळ सारखा थर होता. चालकाच्या बाजूची दोन्ही दारं मात्र लख्ख होती. तिथे धूळ बसलीच नव्हती, जणू त्या आठवड्यात त्या दारांच्या समोर, भिंतीच्या आणि पत्र्याच्या मध्ये, जागाच नव्हती.

७

त्यानं गाडी धुतली. नाहीतर करणार काय? माणूस घाबरला की हाताला जे येतं ते करतो.

पाणी, दोन बादल्या, सरळ रेघा. त्या दिवशी त्यानं जीव ओतला. मऊ टॉवेल घासला नाही, नुसता टेकवत नेला. मग मेण लावलं, बोटाच्या टोकानं, पातळ, आणि पंधरा मिनिटांनी पुसून काढलं. निळा रंग खोल झाला, विहिरीसारखा. त्यात भिंत दिसत होती, भिंतीवरचा खिळा दिसत होता, खिळ्याला लटकलेली दोरी दिसत होती. आणि पांढरी रेघ. फट होतीच, बरोबर त्याच्या डोक्याच्या वर.

फोरमन कडेला उकिडवा बसला होता, पाठ भिंतीकडे. त्यानं उजवा हात हळूच मागे नेला, वर उचलला, ट्यूबलाइटच्या समोर धरला.

पत्र्यात रेघ आणखी एका जागी तुटली. त्याच्या हाताएवढी. तशीच स्वच्छ कापलेली, न वाकता, न फुगता.

हे त्याला खरं म्हणजे पहिल्याच शनिवारी कळायला हवं होतं. पत्र्यात दोष असला की रेघ बिघडते. दिव्याच्या आड काही आलं की रेघ तुटते. कारखान्यात नवा माणूस चुकून मध्ये उभा राहिला की तो तिथूनच ओरडायचा, मागे कोण आहे, बाजूला व्हा.

हात त्यानं तसाच धरून ठेवला. दुखायला लागला तरी धरला. दोन फटी शेजारी शेजारी. मग आधीची फट सरकली, दोन बोटं, चार बोटं, त्याच्या हाताला जागा करून देत. थांबली. आणि मग रुंद होत होत खाली उतरू लागली. रेघेच्या खालची भिंत, खिळा, दोरी, एकामागून एक पत्र्यातून नाहीशी झाली. पुढ्यात काय चाललंय ते नीट दिसावं म्हणून कुणी त्याच्या खांद्यावरून वाकावं, तशी फट उतरत आली.

त्यानं मागे पाहिलं नाही. कानाजवळ गारवा आला, ओल्या फडक्याचा असतो तसा, आणि फडकं तर त्याच्या हातात होतं.

नंतर आपण कसे उठलो ते त्याला सांगता आलं नसतं. तो पुढे सरपटला, बोळातून बाहेर पडला, कपाटातून जमीन घासायचा ब्रश काढला, काळ्या राठ दातांचा, आणि भांड्यांच्या साबणाची वडी. वडी दारावर चोळली. ब्रश दोन्ही हातांनी धरला आणि गोल गोल फिरवला. ब्रशखाली करकर आवाज येत होता आणि फोरमन रडत होता. मागचं दार, पुढचं दार, हँडलच्या भोवती, कडांपर्यंत. मेण गेलं, झळाळी गेली, निळ्यावर पांढरे ओरखडे उमटले, ओरखड्यांवर ओरखडे, होता होता त्या दारांत काहीच दिसेनासं झालं. दिवा नाही, भिंत नाही, तो स्वतः नाही.

८

आवाजानं धाकटा खाली आला. अर्ध्या उघड्या मोठ्या दारातून वाकून आत शिरला आणि जागीच उभा राहिला. घरच्या कपड्यांत होता, चष्मा कपाळावर.

"दादा, हे काय केलंस?"

"आता दिसणार नाही," फोरमन म्हणाला. ब्रश त्याच्या हातातून पडला.

धाकटा हळूहळू जवळ आला, पण बोळाच्या तोंडाशी थांबला. "तुला दिसत होतं?"

"तुला?"

"दीड महिना होत आला. गाडी मागे घेताना उजव्या आरशात भिंत दिसायला हवी ना? दिसायची. मध्ये एक पट्टा दिसायचा नाही. मागच्या दाराशी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, तूच. तू दर शनिवारी त्या दारांशी तासभर बसायचास. खूण पुसतोस असं वाटलं मला. मी वहिनींना विचारलं, दादानं गाडी कुठे नेली होती का. त्या म्हणाल्या, हो, एका गुरुवारी तेच घेऊन गेले होते, संध्याकाळ करून आले, आणि नळावर हात धूत बसले."

बादलीतला फेस फुटत होता, त्याचा बारीक आवाज येत होता.

"मी गुरुवारी गाडीला कधीच हात लावलेला नाही," तो म्हणाला. "नळाचं तिनं मला सांगितलं होतं. तुझ्याबद्दल."

फोरमननं भावाचा हात धरला, ओल्या हातानं, आणि धाकट्यानं तो सोडवून घेतला नाही. पाचसहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्यात काही आडवं नव्हतं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराचं दार उघडलं.

बायको दारात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं. ओरखड्यांनी पांढरी झालेली दारं, साबणाचे ओघळ, जमिनीवर पडलेला ब्रश. किल्लीचा चरा दिसला तरी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारी बाई ती. तिनं काय झालं, असंही विचारलं नाही.

"अगं," फोरमन म्हणाला.

"पाणी ओततेय बाहेर," ती म्हणाली. तिच्या हातात भाज्या धुतल्याचं पातेलं होतं. नेहमी ती ते मोरीतच ओतायची. "तुम्ही दोघं जरा सरका."

ती बोळात उतरली. नेहमी या बोळातून ती सरळ, झपझप जायची. गुडघेदुखीचं तिच्या चालण्यात काही दिसत नव्हतं. पुढचं दार ओलांडलं, आणि मागच्या दाराशी ती थांबली. तिनं पातेलं छातीशी धरलं, खांद्यावरच्या शालीचं टोक गोळा केलं आणि अंग चोरून आडवी झाली. भिंतीच्या बाजूला हातभर जागा मोकळी होती. ती तिकडे वळली नाही. साबणानं बरबटलेल्या पत्र्याला पाठ घासत, शाल खराब करून घेत, ती एकेक पाऊल सरकत गेली. तिचं तोंड भिंतीकडे होतं आणि नजर खाली होती.

आणि सरकता सरकता, अगदी हळू आवाजात, भिंतीकडच्या त्या मोकळ्या जागेला, ती म्हणाली, "जाऊ द्या मला."